काळी चार

नरहर शिंप्याला माणसाचं नाव नंतर कळायचं, पट्टी आधी कळायची. दुकानाच्या पायरीवर उभं राहून तुम्ही नुसतं "मास्तर, हाय का?" म्हणलात, की मशीनवरची मान वर न करता तो सांगायचा, "काळी एक. या, बसा." पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात ना, त्या पट्ट्यांवर त्यानं सगळी दुनिया बसवून टाकली होती. तुमचा बोलायचा आवाज कुठल्या पट्टीत पडतो, तीच तुमची ओळख. बापाचं नाव, गाव, जात, सगळं मागनं.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा गेलात की म्हणायचा, "काल काळी एक होतास. आज पांढरी एकला उतरलास. काय झालं?" काही झालेलं नसायचं. रात्री हरभऱ्याची उसळ जास्त झालेली असायची. पण हा मशीन थांबवून तोंडाकडं बघत बसायचा, सांगितल्याशिवाय सोडायचा नाही. लोक वैतागायचे. मी तर लई वैतागायचो.

त्याची एक मापाची वही होती, लाल कापडात बांधलेली. शिंप्याच्या वहीत काय असतं? छाती, बाही, गळा, उंची. ह्याच्या वहीत गळ्याच्या पुढं पट्टी. "कोंडबा जिनवाला. छाती चौतीस, बाही तेवीस, काळी दोन." कोंडबा म्हणजे मी. कापसाच्या जिनात हमाली करायचो. मी एकदा विचारलं, मास्तर, सदरा शिवायला आवाज कशाला लागतो? म्हणला, "सदरा अंगाला बसतो, कोंडबा. माणूस कशाला बसतो ते बघाया नको का?"

नांदेडात आमच्या गल्लीच्या तोंडाला त्याचं दुकान, मागं घर, आणि घराला लागून मारुतीचं देऊळ. आगगाडीनं शिट्टी घातली की तिकडं कान करून म्हणायचा, ड्रायव्हर बदलला आज. एकदा घागर घ्यायला गेला तर कासाराच्या दुकानात अर्धा दिवस घागरी वाजवत बसला. कासार म्हणला, पाणी भरायला नेता का भजनाला बसवायला? मास्तर म्हणला, "पाणी कशातबी राहतं. रिकामी झाल्यावर हिच्याशी बोलायचं कुणी?" आणि वाजवत राहिला.

गल्लीतल्या एकानं पोरासाठी मुलगी बघायला जाताना मास्तरला मोठा माणूस म्हणून सोबत नेलं. पोरीनं खाली मान घालून नाव सांगितलं. मास्तर म्हणला, "पांढरी सहा. मुलगा काळी एक. जमंल, पण भांडणात पोरगी वर राहील." लग्न झालं. पुढं तीस वर्षं ती पोरगी वरच राहिली. गल्लीला साक्ष आहे.

असा हा माणूस आमच्या भजनी मंडळाचा पुढारी. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं ती. आम्ही अकरा जण टाळकरी-पखवाजी धरून, आणि पेटीवर मास्तर. हंगाम श्रावणापासून: श्रावणी सोमवार, गोकुळाष्टमी, गणपती, नवरात्र, मग कार्तिकातला काकडा. ज्येष्ठ लागला की दिवेलागणीला मारुतीच्या देवळात तालीम सुरू. मास्तर रोज एकाच जागी बसायचा, स्वतःच्या घराकडच्या भिंतीला पाठ लावून. पाठीला आधार लागतो म्हणायचा. आणि तालमीला बसताना रोज एकच वाक्य, "टाळ सोडा, ताल सोडा, बाकी काय बी सोडा. पट्टी सोडू नका."

ती पट्टी म्हणजे काळी चार.

ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांना सांगतो. बाप्या माणसानं काळी एक, काळी दोनला गावं. छाती फुटेपर्यंत ओरडायची हौस असली तर आणखी जरा वर. काळी चार ही बायकांची पट्टी. बाई तिथं सुखानं गाते. आम्ही हमाल, गवळी, विडीवाले तिथं चढायचो म्हणजे बोकडाला माडीवर चढवल्यासारखं. चरण वर गेला की मानेच्या शिरा टरारायच्या. ज्येष्ठमध चघळून दात पिवळे झाले. मास्तरला म्हणावं, दोन पट्ट्या उतरा, तर म्हणायचा, "उतरून काय करू? खाली कोण हाय?" पूर्वी हा असा नव्हता. पाच वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही काळी एकलाच गायचो. मग एक दिवस हा वर गेला तो उतरलाच नाही.

धर्माबादला आमची पुरी इज्जत गेली. वरचा चरण धरायला आमचा धोंडू गवळी होता. म्हशीसारखा धिप्पाड, आवाजही तसाच. टिपेला धोंडूचा आवाज जो फाटला, त्याला देवळाबाहेर बांधलेल्या घोड्यानं उत्तर दिलं. सगळा मंडप हसला. धोंडूनं टाळ पिशवीत घातले आणि परतीच्या गाडीत नांदेड येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसला.

मलाही ह्या पट्टीपायी एकदा हाकललं होतं. त्या साली आमचं पहिलं मूल जन्मतःच गेलं. सोजर, माझी बायको, घरी पडून होती. मी चौथ्या दिवशी टाळ घेऊन तालमीला गेलो. घरात बसून करायचं काय? मी पहिलीच ओळ म्हणलो असेन नसेन, मास्तरनं पेटी थांबवली. सगळ्यांसमोर म्हणला, "कोंडबा, तुझी पट्टी सुटली. आठ दिवस तोंड दाखवू नको." घरात असलं दुःख, आणि वर हा मला पट्टी शिकवतो. मी त्याला नको ते बोललो. तो ऐकून घेत बसला. आठ दिवस मी रागानं घराच्या ओट्यावर बसून काढले. तो राग माझ्या मनातनं लई वर्षं गेला नव्हता.

त्या काळात चार माणसं एकत्र बसली तरी कचेरीला खबर लागायची. भजनालासुद्धा इजाजत घ्यावी लागे. अर्जात माणसांची नावं आणि म्हणायच्या अभंगांची यादी द्यायची. मास्तरनं यादी केली आणि सवयीनं प्रत्येक अभंगापुढं लिहिलं: काळी चार, काळी चार, काळी चार. कचेरीतल्या कारकुनानं त्याचं उर्दू केलं आणि अमीनसाहेबाकडं गेलं. अमीन म्हणजे तेव्हाचा फौजदार. दुसऱ्या दिवशी शिपाई दारात. ह्या काळ्या चार कोण, बायका का बंदुका, कुठं ठेवल्यात, कुणाला द्यायच्यात?

मास्तर घाबरला नाही. पेटी डोक्यावर घेतली, मला सोबत घेतलं, आणि कचेरीत जाऊन सरळ अमीनसाहेबाच्या टेबलावर ठेवली. कागद बाजूला सारले, भाता उघडला आणि काळी चार दाबून धरली. अमीनसाहेबानं कलम खाली ठेवलं. मग म्हणला, और बजाव. मास्तरनं अख्खा अभंग वाजवला. शिपाई दारातनं बघायला लागले. शेवटी अमीनसाहेबानं सही केली आणि विचारलं, "इत्ता ऊपर कायकू गाते, मास्टर? गला फट जाता. नीचे उतरो ना."

प्रत्येक गोष्टीला उत्तर असलेला माणूस, पण त्या दिवशी भात्याकडं बघत राहिला. मग म्हणला, "आदत है, साहब."

परत येताना मला म्हणला, साहेब पांढरी एक, लई दिवसांत घरी गेलेला नाही. मी म्हणलो, तुम्हाला काय माहीत? म्हणला, ऐकलं की.

त्या साली ज्येष्ठातच लातूरचं बोलावणं आलं. तिथल्या गंजातल्या, म्हणजे बाजारपेठेतल्या, आडत्यांनी श्रावणात सप्ताह धरला होता, गावोगावची मंडळं यायची होती. आमचं मंडळ एवढ्या मोठ्या ठिकाणी कधी गेलं नव्हतं. आनंद झाला, पण लगेच पट्टी आठवली. लातुरात काळी चार लावली तर धर्माबादचं घोडं काहीच नाही. धोंडूनं सरळ सांगितलं, पट्टी उतरली तर येतो, नाही तर माझ्या म्हशी बऱ्या. एकेक करून बाकीचेही त्याच्या बाजूला गेले. मीही गेलो. मास्तरला सांगितलं तर त्यानं सुईत दोरा ओवला आणि म्हणला, "जायचं तर जा. मी एकटा गातो." मंडळ मोडायची पाळी आली.

तेव्हा धोंडूनं एक शक्कल काढली, आणि ती पार पाडायला मी मदत केली, हे कबूल केलेलं बरं. गावात तमाशाचा एक फड उतरला होता. त्यांच्याकडं आमच्यासारखीच एक जुनी काळी पेटी होती, पण तिचे सूर मुळातच एक काळी पट्टी खाली उतरलेले. तिची काळी चार दाबली की आपली काळी तीन वाजायची. आम्ही ती दोन दिवसांसाठी मागून आणली, वर आमच्या पेटीचं कापड घातलं आणि आमची पेटी धोंडूच्या गोठ्यात कडब्याखाली लपवली. आज एक पट्टी उतरवू, पचलं तर श्रावणापर्यंत आणखी काही करू, असा हिशेब. जो माणूस आगगाडीच्या शिट्टीवरनं ड्रायव्हर ओळखायचा, त्याला हे कळणार नाही असं आम्हाला का वाटलं, देव जाणे. माणूस अडला की असाच गाढवपणा करतो.

दिवेलागणीला तालीम बसली. मास्तरनं भिंतीला पाठ लावली, भाता उघडला, काळी चार दाबली. थांबला. आम्ही अकरा जण जमिनीकडं बघत होतो. धोंडूला खोकला आला. मास्तरनं एकदा सगळ्यांकडं नजर फिरवली आणि गायला सुरुवात केली.

काय सांगू, त्या दिवशी आम्ही कसं गायलो. गळा मोकळा, टाळ एका ठोक्यात. धोंडूचा टिपेचा चरण तर असा गेला की पुजारी बाहेर येऊन उभा राहिला. तालीम संपली तेव्हा आम्ही पोरांसारखं एकमेकांना कोपरं मारत होतो. मास्तर पेटी बंद करून भिंतीला टेकून बसला होता. रोजचं "पट्टी सोडू नका" त्या दिवशी म्हणलाच नव्हता. कुणाची पट्टी सांगितली नाही. आम्हाला वाटलं, फसला.

घरी आलो तर सोजर नुकतीच मास्तरच्या घरनं आली होती. मास्तरची बायको काशीवैनी. तिची अकरा वर्षांची एकुलती एक लेक पटकीच्या साथीत गेली, तेव्हापासून वैनीनं बाहेर येणं टाकलं होतं आणि बोलणंही जवळजवळ टाकलं होतं. सोजर संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसायची. मी हात धुऊन ताटावर बसलो आणि आज तालीम कशी झाली ते रंगवून सांगायला लागलो. सोजरनं भाकरी ताटात टाकली नाही. हातात धरून उभी राहिली.

"आज कोण गात होतं?" तिनं विचारलं.

"आमीच की."

"वैनी आज बोलली," सोजर म्हणली. "कैक महिन्यांनी बोलली. मला म्हणली, आज ते गावाला गेलेत का?"

मला काही समजेना. मग सोजरनं सांगितलं. लेक होती तेव्हा मायलेकी पहाटे जात्यावर बसायच्या आणि दोघी मिळून ओव्या म्हणायच्या. लेक गेली, जातं बंद झालं, वैनीचं तोंड बंद झालं. पाच वर्षांपूर्वी एकदा तालमीत मास्तरचं बोट चुकून वरच्या पट्टीवर पडलं आणि अभंग तिथनंच सुरू झाला. त्या दिवशी भिंतीपलीकडं वैनी गुणगुणायला लागली. मायलेकींची पट्टी तीच होती. तेव्हापासून रोज दिवेलागणीला वैनी भिंतीला कान लावून बसते आणि मंडळ गातं तेवढा वेळ गाते. शब्द नाहीत, नुसता सूर. दिवसभरातला तिचा तेवढाच आवाज.

"आज बसून राहिली हात भिंतीवर ठिवून," सोजर म्हणली. "वाट बघत. तुमी गाऊन उठलात तरी तिला वाटलं, भजन सुरूच झालं न्हाई."

"मला कधी सांगितलं न्हाईस."

"मास्तरनं शपथ घातली हुती. लोक तिला येडी म्हणतील म्हणून." मग तिनं भाकरी ताटात टाकली. "जेवा आता. लई चांगलं गायलात ना."

दुसऱ्या दिवशी जिनात जायच्या आधी मी दुकानावर गेलो. मास्तर कुणाच्या तरी सदऱ्याला काजं करत होता. मी काही बोलायच्या आत म्हणला, "पांढरी दोन. झोपला न्हाईस."

मी म्हणलो, "मास्तर, ती पेटी..."

"तमाशातली. पहिल्या दाबातच कळलं."

"मग बोलला का न्हाई? चार शिव्या घालायच्या."

त्यानं दोरा दातानं तोडला. "कशाच्या शिव्या? पाच वर्षं एकीपायी अकरांची नरडी फाडून राहिलो. तुमी खूश होता काल. म्हणलं बघावं एक दिवस, तिला खाली येता येतं का." सुई पुन्हा काजात घालत म्हणला, "न्हाई आली."

मी मंडळाला गोठ्यात जमवलं आणि सगळं सांगून टाकलं. मला गोड करून सांगता येत नाही. म्हणलो, आपण अकरा बैलांनी एका बाईचं तोंड बंद केलं. धोंडू उठला, कडबा बाजूला केला, आमची पेटी काढली आणि उपरण्यानं पुसायला लागला. पुसता पुसता म्हणला, "माझं नरडं काय सोन्याचं हाय का? म्हशी हाकायला खालचा आवाज पुरतो."

त्या संध्याकाळी पुन्हा काळी चार. धोंडूचा आवाज दोनदा फाटला. कुणी हसलं नाही. आम्ही पहिल्यांदाच कान देऊन गात होतो, आणि दोन चरणांच्या मधल्या श्वासाला भिंतीतनं बारीक सूर आला. पाच वर्षं तो येत असणार. आम्ही ओरडण्यात ऐकलाच नव्हता.

तालीम संपल्यावर मास्तरच म्हणला, "लातूरला काळी एकला गाऊ. तिथं भिंत न्हाई."

आगगाडीनं लातूर रोडला उतरून पुढं बैलगाडीनं गेलो. लातुरात मास्तर काळी एकला गायला आणि आम्ही टाळ वाजवायचं विसरलो. ती त्याची स्वतःची पट्टी होती. असला भरलेला, गोड, खालपर्यंत जाणारा आवाज मी त्यानंतर कुणाचा ऐकला नाही. पाच वर्षं त्यानं तो घडी घालून ठेवला होता. लोक म्हणले, आणखी एक, आणखी एक. दुसरीकडची मंडळं त्याच्या पाया पडली. परतताना मी म्हणलो, मास्तर, जिंकलं तुम्ही लातूर. तो गाडीबाहेर बघत म्हणला, "करमलं न्हाई रे. पाठीला काय लागंना."

पुढं गडबडीची वर्षं आली. मंडळ पांगलं, कोण इकडं गेलं, कोण तिकडं. राज्य गेलं. पुन्हा जमलो तेव्हा सात जण उरलो होतो. काशीवैनी गेली त्या साली आम्ही विचारलं, मास्तर, आता कुठली पट्टी? त्यानं भिंतीला पाठ लावली आणि काळी चार दाबली. धोंडूचा तेव्हा एक दात पडलेला होता. तरी तो चढला. मास्तर जाईपर्यंत आम्ही तिथंच गायलो.

मास्तरच्या मागं कुणी नव्हतं. ती लाल वही सोजरनं मागून आणली आणि ट्रंकेत तळाला ठेवली. मी कधी उघडली नाही. मापं बघून मला काय करायचंय?

गेल्या पौषात सोजर गेली. सगळे म्हणतात आता सवय करा. कशाची सवय करायची ते कुणी सांगत नाही. तिची लुगडी काढायला ट्रंक उघडली तेव्हा वही हाती आली. मास्तरचं अक्षर धावदोऱ्याच्या टाक्यासारखं, एकसारखं. मी बोट ठेवून वाचत गेलो. छाती, बाही, गळा, पट्टी. आणि पट्टीच्या पुढं कुठं कुठं बारीक अक्षरात आणखी काही. "आज एक खाली. भाऊ तुरुंगात." "दोन खाली. बैल गेला, विचारणे." "अमीनसाहेब, शेरवानी. पांढरी एक. आई आजारी असावी." तीस वर्षं हा माणूस मशीन थांबवून आम्हाला काय विचारत होता, ते मला त्या दिवशी कळलं.

एका पानावर सोजर होती. "सोजर, कोंडबाची. मापाची चोळी आणली. काळी पाच." त्याच्याखाली, त्या सालातलं, "तीन खाली, पांढरी पाच. मूल गेलं. घरी एकटी. कोंडबाला आठ दिवस घरी धाडणे."

ते आठ दिवस मी ओट्यावर रागानं फुगून बसलो होतो. सोजर भिंत धरून बाहेर यायची आणि माझ्या शेजारी बसायची. एकदा माझ्या पाठीला पाठ लावून बसली आणि तशीच झोपली. मी हललो नव्हतो, एवढं आठवतं. बाकी सगळा वेळ मी मास्तरला शिव्या घालत होतो.

आमची पेटी अजून मारुतीच्या देवळात आहे. दुपारी तिथं कुणी नसतं. काल मी गेलो, मास्तरच्या जागेवर बसलो, भिंतीला पाठ लावली. मला वाजवता येत नाही. काळ्या पट्ट्या डावीकडनं मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवी दाबली आणि भाता हलवला.

तिचा बोलायचा आवाज. सकाळी दारातनं हाक मारायची तो. मी भाता हलवत राहिलो.